कार्ड तिकडचं, पासपोर्ट इकडचा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच गाठ पुन्हा पुन्हा दिसते. परदेशातल्या कायम निवासाचं कार्ड हातात आहे, पण भारतीय पासपोर्ट संपलाय, हरवलाय किंवा भिजलाय. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवा की कागद चार ठिकाणी बघितले जातात: विमान कंपनीच्या काउंटरवर, आपल्या इमिग्रेशनकडे, मध्ये विमान बदललंत तर त्या देशात आणि शेवटी मुक्कामाच्या देशात. एका ठिकाणी चाललेला कागद दुसऱ्या ठिकाणी चालेलच असं नाही. शुल्काचे आकडे हे लिहिताना लागू असलेले आहेत. पैसे भरण्याआधी पोर्टलवर एकदा बघून घ्या.

प्रश्न : सासूबाई दिवाळीला न्यू जर्सीहून आमच्याकडे आल्या. ग्रीन कार्ड अजून सहा वर्षं चालतं, पण पासपोर्ट गेल्या महिन्यात संपल्याचं आत्ता लक्षात आलं. परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर आलंय. दीर म्हणतात, अमेरिकेच्या नियमात ग्रीन कार्डवाल्याला पासपोर्ट लागतच नाही, तसंच पाठवा. पाठवू का? (घोडबंदर रोड, ठाणे)

नका पाठवू. तुमचे दीर म्हणतात ते खरं आहे, पण ते अमेरिकेच्या दारापुरतं. वर्षाच्या आत परतणाऱ्या कायम रहिवाशाकडे अमेरिका वैध ग्रीन कार्ड मागते, म्हणजे त्यांच्या भाषेत आय-५५१. त्याच्या जोडीला पासपोर्ट असलाच पाहिजे असा तिथला नियम नाही. पण त्या दारापर्यंत पोचायला आधी सहारच्या विमानतळावरून निघावं लागतं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम ३ सांगतं की वैध पासपोर्ट किंवा प्रवासाचा कागद असल्याशिवाय कुणी भारताबाहेर जाऊ शकत नाही. इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट यंत्रावर ठेवतो आणि प्रस्थानाचा शिक्का मारतो. ग्रीन कार्डाला शिक्का मारायला पानच नाही. बहुतेक वेळा तर गोष्ट त्याच्याही आधी, चेक-इनच्या काउंटरवरच संपते. चुकीच्या कागदांवर प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो, त्यामुळे तिथली मुलगी नियमावली उघडून बघते आणि हात वर करते.

तीन आठवडे पुरेसे आहेत, पण आजच सुरुवात करा. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करताना ‘फ्रेश’ निवडू नका, ‘रिइश्यू’ निवडा आणि कारण ‘मुदत तीन वर्षांच्या आत संपली’ असं द्या. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. हातात पासपोर्ट नाही म्हणून ‘फ्रेश’ भरतात आणि काउंटरवरून परत येतात. तत्काळमध्ये अर्ज करा. ३६ पानी पुस्तिकेचे १५०० रुपये अधिक तत्काळचे २०००, असे एकूण ३५०० होतात. ऑनलाइन फक्त १५०० कापले जातात, वरचे २००० पासपोर्ट सेवा केंद्रावर भरायचे असतात. ‘पैसे कमी गेले’ म्हणून घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. सरकारी पोर्टलचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, त्याच्यासारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात.

आता पत्ता. सासूबाईंचा जुना पासपोर्ट न्यूयॉर्कच्या वकिलातीने दिलेला असेल तर त्यावर न्यू जर्सीचा पत्ता असेल. इथे अर्ज करताना सध्या त्या जिथे राहतात तोच पत्ता द्यायचा आणि त्याचा पुरावाही द्यायचा. आधारवर घोडबंदरचा पत्ता असेल तर काम सोपं आहे. आधार अजून डोंबिवलीच्या जुन्या चाळीचं असेल तर आधी ते बदला, किंवा त्यांच्या नावाचं चालू बँक खात्याचं फोटो असलेलं पासबुक, वीजबिल, गॅसजोडणीचा कागद यातलं काही आहे का बघा. मुलाच्या नावाचं वीजबिल आईचा पुरावा ठरत नाही. तत्काळसाठी यादीतली तीन कागदपत्रं लागतात. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र हे त्रिकूट बहुतेकांकडे असतं. तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं आहे ना, हे घरीच एकाखाली एक ठेवून वाचा.

नावाबद्दल जरा थांबून सांगतो. आपल्याकडे बाईच्या नावात मधे कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं नाव असतं. आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं. ‘अर्ज करतोच आहोत तर नावही नीट करून घेऊ’ असा मोह होतो. या फेरीला तो टाळा. ग्रीन कार्ड आणि तिकीट जुन्या पासपोर्टवरच्या नावाने आहेत. नवीन पासपोर्टवर नाव बदललं की काउंटरवर तीन कागद आणि दोन नावं होतात. दुरुस्ती पुढच्या वेळी, सवडीने करा.

वागळे इस्टेटच्या केंद्रावर अपॉइंटमेंटच्या पंधरा मिनिटं आधी पोचलात तरी चालतं, तासभर आधी जाऊन काही मिळत नाही. आत अ, ब, क अशा तीन टप्प्यांचे काउंटर आहेत. ‘अ’वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. ‘ब’वर अधिकारी मूळ कागद पडताळतो, ‘क’वर मंजुरी मिळते. बाहेर पडताना हातात येणारी पावती तिथेच वाचा. पोलीस पडताळणी होणार की नाही, झाली तर पासपोर्ट मिळण्याआधी की नंतर, हे तिच्यावर असतं. पडताळणी नसेल तर तत्काळचा पासपोर्ट साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी रवाना होतो. नंतर व्हायची असेल तर पोलिसांच्या अहवालाची वाट न पाहता तिसऱ्या दिवशी. आधीच्या पासपोर्टचा तपशील वकिलातीकडून पडताळावा लागला तर मात्र जास्त दिवस लागतात.

आणि पोलीस आले तर? हमखास घसरण होते ती सोसायटीच्या गेटवर. हवालदार विचारतो, अमुक बाई राहतात का? वॉचमन आपला प्रामाणिकपणे सांगतो, ‘त्या तर अमेरिकेला असतात.’ अहवालात ‘दिलेल्या पत्त्यावर राहत नाहीत’ असं लागतं आणि फाइल अडकते. म्हणून गेटवर, सोसायटीच्या ऑफिसात आणि शेजारी आधीच सांगून ठेवा. सासूबाईंचा भारतातला मोबाइल नंबर अर्जात द्या आणि तो चालू ठेवा. अमेरिकेच्या नंबरवर पोलीस ठाण्यातून फोन लागणार नाही.

नवीन पासपोर्ट आला की तिकिटाच्या बुकिंगमध्ये नंबर बदला. जुना पासपोर्ट कोपरा कापून परत मिळतो. तो टाकू नका. आधीच्या प्रवासाच्या नोंदी त्यात आहेत, सोबत न्या.

प्रश्न : धाकटा भाऊ टेक्सासला आहे, ग्रीन कार्डधारक. त्याचा पासपोर्ट हरवला आणि इकडे वडील आयसीयूमध्ये आहेत. वकिलात ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देते असं कळलं. त्यावर येऊन आठ दिवसांत परत जाता येईल का? (कळवा)

येता येईल. आठ दिवसांत परत जाता येणार नाही. इमर्जन्सी सर्टिफिकेट हा फक्त भारतात येण्यापुरता, एका खेपेचा कागद आहे. मुंबईत उतरल्यावर त्याचं काम संपतं. परत जायला इथे नव्याने पासपोर्ट काढावा लागतो, तोही ‘हरवला’ या कारणाखाली. म्हणजे ३६ पानांसाठी ३००० रुपये, पासपोर्ट हरवल्याची पोलीस तक्रार, परिशिष्ट ‘एफ’मधलं प्रतिज्ञापत्र, आणि जोडीला पोलीस पडताळणी. भाऊ कित्येक वर्षं तिकडे राहतो, मग इथल्या पत्त्याचा पुरावा कुठून आणणार? बरेच जण इथेच अडकतात. नोकरीतली रजा संपते, पासपोर्ट आलेला नसतो.

म्हणून आधी ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीकडे तत्काळ पासपोर्टची विचारणा करा. अमेरिकेत हे अर्ज व्हीएफएस या खाजगी कंपनीमार्फत घेतले जातात. वडिलांच्या आजाराचं रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं पत्र जोडा. त्यावर रुग्णाचं नाव, दाखल केल्याची तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या रिपोर्टच्या फोटोने काम होत नाही. पासपोर्ट चार-पाच दिवसांत मिळण्यासारखा असेल आणि डॉक्टर तेवढी मुदत देत असतील तर थांबणं शहाणपणाचं.

डॉक्टर ‘आजच बोलवा’ म्हणत असतील तर सर्टिफिकेट घेऊन येऊ द्या; मग पुढचे काही आठवडे इथेच जाणार हे धरून यायचं. अशा वेळी थेट विमान घ्या, कारण मधल्या देशात हा कागद चालेल याची खात्री नसते. येताना ग्रीन कार्ड, अमेरिकेत केलेल्या पोलीस तक्रारीची मूळ प्रत, जुन्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, जन्मदाखला आणि आधार एवढं हातातल्या बॅगेत असू द्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा अर्ज टाका. दहावा-तेरावा झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांचं तिकीट हुकतं. हे ऐकायला कठोर वाटेल, पण अर्ज भरायला अर्धा तास पुरतो.

प्रश्न : ठाणे ते ऐरोली लोकलमध्ये पर्स गेली. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही तिच्यात होते. आधी काय करू? (ऐरोली)

आधी लोहमार्ग पोलीस. गाडीत किंवा फलाटावर झालेली चोरी त्यांच्याकडे नोंदवायची, घराजवळच्या पोलीस ठाण्यात नव्हे. चोरी नेमकी कुठे झाली ते सांगता येत नसेल तरी तक्रार कुठेही घेता येते आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने नोंदवून घ्या, असं शांतपणे सांगा. तक्रारीत दोन्ही कागदांचे नंबर स्वतंत्र ओळीत यायला हवेत. ‘पर्स व त्यातील कागदपत्रे’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते ना पासपोर्ट केंद्राला पुरतं, ना अमेरिकन वकिलातीला.

एक सावधगिरी: पर्स खरंच चोरीला गेली याची खात्री असेल तरच तक्रार करा. एकदा हरवला म्हणून नोंदलेला पासपोर्ट रद्द होतो. नंतर तो सोफ्याच्या फटीत सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. केलात तर विमानतळावर थांबवतील.

मग क्रम असा. पासपोर्ट पहिला, कारण पुढची परवानगी त्याच पुस्तिकेत चिकटते. अर्ज ‘रिइश्यू’चा, कारण ‘हरवला’. ऐरोलीचा पत्ता देताना पोलीस ठाण्याचा रकाना नीट भरा. ऐरोली महसुलाच्या हिशेबात ठाणे तालुक्यात असली तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आहे. बरेच जण पत्त्यात ‘जिल्हा ठाणे’ दिसतो म्हणून ठाणे शहर पोलीस निवडतात आणि फाइल एका आयुक्तालयातून दुसऱ्याकडे फिरत राहते. उलट कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण ही गावं ठाणे शहर पोलिसांकडे आहेत.

पासपोर्टचा अर्ज टाकला की ग्रीन कार्डकडे वळा. भारतात असताना नवीन कार्डाचा अर्ज, म्हणजे आय-९०, करत बसू नका; तो परत गेल्यावर करायचा. इथे लागतो तो आय-१३१ए, म्हणजे कार्डाविना परत जाण्याच्या परवानगीचा अर्ज. शुल्क ५७५ डॉलर, आधी ऑनलाइन भरायचं आणि पावती घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंटप्रमाणे स्वतः जायचं. तिथे तुम्ही कायम रहिवासी आहात आणि अमेरिकेबाहेर पडून वर्ष झालेलं नाही, हे दोन मुद्दे पटवायचे असतात. कार्डाची झेरॉक्स किंवा फोटो, ‘ए’ने सुरू होणारा तुमचा नंबर, येतानाचा बोर्डिंग पास, तिकीट आणि पोलीस तक्रार घेऊन जा. ‘ए’ नंबर आठवत नसेल तर जुन्या व्हिसाच्या किंवा अमेरिकन इमिग्रेशनच्या पत्रांत सापडतो. तिकडे घरी कुणी असेल तर त्यांना कपाट उघडायला सांगा. अर्ज मंजूर झाला की पासपोर्टमध्ये एक चिकटपत्र लागतं, ज्याला बोर्डिंग फॉइल म्हणतात. ते ३० दिवसच चालतं. म्हणून तिकीट फॉइल हातात आल्यावर काढा, आणि फॉइल लागल्यावर मग लग्नकार्यासाठी महिनाभर थांबू नका.

हे सगळं कार्ड हरवलं असेल तर. कार्ड जवळ आहे, पण दहा वर्षांची मुदत संपलीय, अशांना फॉइल बहुधा लागत नाही. कार्ड संपलं म्हणजे निवासाचा हक्क संपला असं होत नाही आणि अमेरिकेने विमान कंपन्यांना दिलेल्या सूचनांप्रमाणे दहा वर्षांच्या संपलेल्या कार्डावर प्रवासी नेता येतो. मुदतवाढीचं पत्र असेल तर त्याची मूळ प्रत न्या. अशा कागदांवर युरोपमार्गे जाण्यापेक्षा थेट विमान बरं. मधल्या विमानतळाचे नियम अमेरिका ठरवत नाही.

प्रश्न : जुलैच्या पावसात तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या खणातले पासपोर्ट भिजले. वाळवले, पण पानं फुगलीत आणि फोटोच्या पानाचा पापुद्रा एका कडेला सुटलाय. चालेल का? सूनबाईकडे कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम निवासाचा हक्क, आहे. (चेंदणी कोळीवाडा)

पापुद्रा सुटलेला पासपोर्ट विमानतळावर नेऊ नका. फोटो बदलल्याचा पहिला संशय तिथेच येतो. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. त्या यंत्राने वाचायच्या असतात. शाई पसरली असेल तर यंत्र वाचत नाही आणि पुढे सगळं माणसाच्या मर्जीवर जातं.

इस्त्री फिरवू नका, सेलोटेप लावू नका, गल्लीतल्या दुकानात लॅमिनेशन तर अजिबात करू नका. नैसर्गिक नुकसान आणि छेडछाड यातला फरक मग पटवता येत नाही. तसाच केंद्रावर न्या. नंबर आणि नाव वाचता येतं, फोटो शाबूत आहे, तर ते अंशतः नुकसान. नाहीतर पूर्ण नुकसान. पूर्ण नुकसान म्हणजे जवळजवळ हरवल्यासारखीच चौकशी. दोन्हींत ३६ पानांचं शुल्क १५०० नव्हे, ३००० रुपये. कारणाच्या रकान्यात ‘खराब झाला’ हेच लिहा. हजार-दीड हजार वाचवायला ‘मुदत संपत आली’ असं लिहिणाऱ्यांना ‘ब’ काउंटरवरूनच परत पाठवतात. तिथला अधिकारी पुस्तिका उघडून बघतोच. सूनबाईंचं पीआर कार्ड प्लास्टिकचं आहे, ते धुऊन निघेल.

प्रश्न : सासरे ग्रीन कार्डवर होते. गेल्या वर्षी इथे खुब्याचं हाड मोडलं, दोन शस्त्रक्रिया झाल्या, मध्येच पासपोर्टही संपला. तो आता नवीन मिळालाय, पण अमेरिका सोडून चौदा महिने झाले. कार्ड अजून चार वर्षं वैध दिसतंय. जाऊ शकतात ना? (नेरुळ)

कार्डावरची तारीख इथे कामाची नाही. सलग एक वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलं की ते कार्ड परतीचा कागद म्हणून चालत नाही. री-एंट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परतण्याची आगाऊ परवानगी, असतं तर दोन वर्षांपर्यंत सवड मिळाली असती, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, इथून नाही. (हे परमिट दिसायला पासपोर्टसारखं असतं म्हणून काहीजण त्यावर भारतातून निघायचं म्हणतात. भारतीय नागरिकाला ते पासपोर्टच्या जागी चालत नाही.)

तुमच्यासाठी रस्ता ‘रिटर्निंग रेसिडेंट’ व्हिसाचा आहे, एसबी-१. त्याचा अर्ज डीएस-११७ या नमुन्यात, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत. तीन मुद्दे सिद्ध करायचे: निघताना ते कायम रहिवासी होते, परतायचा इरादा कायम होता, आणि मुक्काम लांबला तो त्यांच्या हातात नसलेल्या कारणाने. तिसऱ्यासाठी दोन्ही शस्त्रक्रियांचे डिस्चार्ज कागद आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत प्रवास करू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं पत्र हवं. दुसऱ्यासाठी अमेरिकेतलं आयकर विवरण, बँक खातं, हुकलेलं परतीचं तिकीट. पासपोर्ट संपला होता हे कारण एकटं पुढे करू नका. तो महिनाभरात नवा मिळतो, हे समोरच्याला माहीत असतं. आजारपण हेच मुख्य कारण ठेवा. त्यात पासपोर्टची भर एका ओळीत येऊ द्या.

‘कार्ड आहे ना, बसवा विमानात, तिकडे बघू’ असा सल्ला मिळेल. एखादी कंपनी बसवेलही. पण उतरल्यावर अधिकारी आय-४०७ पुढे करू शकतो, म्हणजे निवासाचा हक्क स्वखुशीने सोडल्याचा नमुना. त्यावर सही करायची सक्ती नाही. नकार देऊन इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडता येतं. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर, वॉकर घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसावर ही वेळ आणू नये असं आमचं मत. एसबी-१ नाकारला गेला आणि मुलगा अमेरिकन नागरिक असेल, तर तो वडिलांसाठी नव्याने आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला बोलावण्याचा अर्ज, दाखल करू शकतो. वेळ जातो, पण दार बंद होत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं कॅनडाचे पीआर. पीआर कार्डांची मुदत इथे असताना संपली. पासपोर्ट वैध आहेत. मुलाचा पासपोर्टही याच वर्षी संपतोय, तो फक्त पाच वर्षांत कसा संपला? (खारघर)

कॅनडाला जाणाऱ्या विमानात पीआरला पीआर कार्ड किंवा पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट लागतं. यात सवलत नाही. नवीन कार्ड भारताच्या पत्त्यावर येत नाही, त्यामुळे इथून ट्रॅव्हल डॉक्युमेंटचाच अर्ज करा. शुल्क माणशी ५० कॅनेडियन डॉलर. अर्जात गेल्या पाच वर्षांतले कॅनडातले दिवस मोजून द्यायचे असतात आणि ते किमान ७३० भरावे लागतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि तुमचे आकडे जुळले पाहिजेत. आठवणीने भरू नका, शिक्के समोर ठेवून भरा.

दिवस कमी पडत असतील तर अर्ज टाकण्याआधी थांबा. या अर्जातून पीआरचाच निकाल लागू शकतो. नकाराविरुद्ध अपील आहे, आणि आजारपण वा मुलाच्या हितासारखी कारणं मांडताही येतात, पण ती पहिल्याच अर्जासोबत कागदांनिशी मांडा. अमेरिकेत उतरून मोटारीने सीमा ओलांडण्याची युक्ती ऐकली असेल. खाजगी गाडीने जमिनीवरून गेल्यास कार्डाविना पीआर सिद्ध करता येतं हे खरं. पण त्यासाठी तुमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आधी हवा.

मुलाचं म्हणाल तर १८ वर्षांखालच्यांना पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा मिळतो, यातलं जे आधी येईल ते. १५ ते १८ वयात दहा वर्षांचाही मागता येतो. पाच वर्षांच्या पासपोर्टचं शुल्क १००० रुपये. परिशिष्ट ‘डी’वर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात, त्यामुळे तुमच्यापैकी एकजण आधी निघून जाणार असाल तर सह्या त्याआधी उरका. मागे राहिलेल्याला मग परदेशातल्या भारतीय वकिलातीने साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र मागवत बसावं लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरून न्यायचा. केंद्रावर त्यांचा फोटो काढत नाहीत.

प्रश्न : मुलीने सुट्टीत इथेच पासपोर्ट नवा करून घेतला. ऑस्ट्रेलियाचं पीआर आहे. काउंटरवर ‘तुमच्या नावावर व्हिसाच दिसत नाही’ म्हणाले. पीआर रद्द झालं का? (वाशी)

नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटत नाही, तो पासपोर्टच्या नंबराला संगणकात जोडलेला असतो. नंबर बदलला आणि कळवला नाही, की काउंटरवरच्या पडद्यावर काही येत नाही. इमिअकाउंटवर, म्हणजे तिथल्या इमिग्रेशनच्या ऑनलाइन खात्यात, किंवा फॉर्म ९२९ भरून नवीन नंबर कळवा, मग व्हेवो या व्हिसा तपासायच्या ऑनलाइन सेवेवर नव्या नंबराने तपासा. तिथे दिसलं की काउंटरवरही दिसेल. त्याच पानावर ‘ट्रॅव्हल फॅसिलिटी’ची तारीखही बघा. पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं ये-जा करता येते. त्यानंतर तिथे राहायचा हक्क उरतो, पण बाहेर पडल्यास परतायला रेसिडेंट रिटर्न व्हिसा, म्हणजे उपवर्ग १५५, लागतो. पाचपैकी दोन वर्षं तिथे राहिलेल्यांना तो पाच वर्षांचा मिळतो.

ब्रिटनचंही आता असंच आहे. निवासाच्या परवान्याची प्लास्टिकची बीआरपी कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली आणि त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. पासपोर्ट बदलला की यूकेव्हीआय (ब्रिटनचा व्हिसा विभाग) यांच्याकडच्या आपल्या ऑनलाइन खात्यात नवा नंबर जोडायचा, आणि तो निघायच्या आदल्या रात्री नव्हे. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर तिथला अनिश्चित मुदतीचा निवासहक्क सामान्यतः संपतो, ही ओळ ज्यांना गरज आहे त्यांनी पुन्हा वाचावी.

प्रश्न : गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. जुना भारतीय पासपोर्ट अजून दोन वर्षं चालतो. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) यायचंय, तोवर त्यावरच ठाण्याला येऊन जाऊ का? (ह्यूस्टन, मूळचे नौपाडा)

नाही. परकीय नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपलं. पुस्तिकेवरची तारीख काहीही असो, तो पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. तो वकिलातीकडे जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, ते ओसीआयच्या अर्जालाही लागतं. तोवर यायचं असेल तर अमेरिकन पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा काढा.